व्हिएन्ना, बर्लिन आणि माउंट रॉस्किल

आमच्या वाचक मंडळात मी बोलायला उभा राहिलो तेव्हा समोर अकरा जण होते. त्यातल्या तिघांची नजर मागच्या टेबलावरच्या साबुदाणा वड्यांवर होती. त्यांना मी दोष देत नाही. विषय होता 'युरोपातल्या शहरांतली घरभाडी', आणि तो मीच निवडला होता.

हे मंडळ ऑकलंडच्या माउंट रॉस्किल भागातल्या एका कम्युनिटी हॉलमध्ये महिन्यातून दोन शनिवारी भरतं. मी शहराच्या दुसऱ्या टोकाला, अल्बनीला, मुलगा इंद्रनील आणि सून वल्लरी यांच्याकडे राहतो. दोन बस बदलून येतो. पुण्यात एका कॉलेजात चौतीस वर्षं ग्रंथपाल होतो, कॉलेजच्याच क्वार्टर्समध्ये राहिलो, निवृत्तीनंतर काही वर्षांनी इंद्रनीलनं इथे बोलावून घेतलं. म्हणजे भाडं आणि भाडेकरू हे सगळं मला पुस्तकांतूनच माहीत. तरी बोललो.

व्हिएन्नात निम्मं शहर नगरपालिकेच्या किंवा सहकारी घरांत राहतं, हे सांगितलं. बर्लिननं भाड्यांवर मर्यादा घातली, पण सव्वा वर्षातच कोर्टानं ती रद्द केली आणि काही भाडेकरूंना मधला फरक भरावा लागला, हे सांगितलं. स्टॉकहोममध्ये भाडी आटोक्यात आहेत पण रांगेत सरासरी नऊ-दहा वर्षं काढावी लागतात. नेदरलँड्समध्ये घराला गुण देतात: खोल्यांचं क्षेत्रफळ, हीटिंग, अगदी ओट्याची लांबीसुद्धा. बेरीज ठरावीक आकड्याच्या आत असेल तर भाडं किती, ते सरकार ठरवतं. मात्र हा नियम वाढवल्यावर बऱ्याच मालकांनी घरं विकायला काढली. कुठलं शहर बरं, हे मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही आणि मी तसं कबूल करून खाली बसलो.

"काका, व्हिएन्ना चांगलं वाटतंय," प्रसाद म्हणाला. तो मंडळाचा चिटणीस. "पण तिथे आपल्यासारख्यांना घर देतात, की नुसता 'जागा नाही'चा बोर्ड वाचायला देतात?"

सगळे हसले आणि वड्यांकडे गेले.

एक बाई तेवढी बसून राहिली. नीलांबरी. हॉस्पिटलमध्ये नर्स, मूळची नाशिकची, वय चाळीसच्या आत. नवरा नाशिकलाच राहिला होता. त्याबद्दल ती बोलत नसे आणि कोणी विचारत नसे. तिची नऊ वर्षांची मुलगी जुई कोपऱ्यात जमिनीवर बसून चित्र काढत होती.

"काका, ओट्याचे गुण नंतर. आधी हे बघा," म्हणत तिनं फोन माझ्या हातात दिला.

प्रॉपर्टी मॅनेजरचं पत्र होतं. आठवड्याचं भाडं सहाशे चाळीसवरून सातशे साठ डॉलर. साठ दिवसांनी लागू.

"एकदम एकशे वीस?"

"वर्षातून एकदाच वाढवता येतं ना, म्हणून एकदाच वाढवतात." ती हसली नाही. "मला हे नाही झेपायचं. लांब जावं लागेल, म्हणजे जुईची शाळा बदलणार. आणि घर कसलं आहे माहितेय? दिवाणखान्यातला हीटर गेल्या हिवाळ्यापासून बंद. ईमेल करून दमले. जुईचा खोकला काही जात नाही. तुम्ही एवढं वाचलंय, तर इथलं सांगा ना काहीतरी. इथे काय नियम आहे?"

मी इथलं वाचलंच नव्हतं. ऑकलंडमध्ये पाच वर्षं राहून मी स्टॉकहोमची रांग पाठ केली होती.

"मी वाचतो आणि सांगतो, नीलांबरीताई," मी म्हणालो.

"मला ताई नका म्हणू. अहो-जाहो पण नको. माझे वडील तुमच्याएवढे आहेत."

पुढचे तीन दिवस मी अल्बनीच्या लायब्ररीत बसून होतो. भाडं किती वाढवावं याला इथे मर्यादा नाही, हे समजलं. मात्र ते बाजारातल्या भाड्यापेक्षा फारच जास्त असेल तर ट्रायब्यूनलकडे, म्हणजे भाड्याच्या तंट्यांच्या कोर्टाकडे, दाद मागता येते. दिवाणखान्यात चालू स्थितीतला हीटर देणं मालकाला बंधनकारक आहे. आणि हेही समजलं की मुदतीचा करार नसेल तर मालक नव्वद दिवसांची नोटीस देऊन, कारण न सांगता, घर रिकामं करून घेऊ शकतो. हे वाक्य मी दोनदा वाचलं. नीलांबरीचा करार मुदतीचा नव्हता.

बुधवारी तिची सुट्टी होती, मी तिच्या घरी गेलो. लाकडी, जुनं, दोन बेडरूमचं घर. पुढे लिंबाचं झाड. आत शिरताच ओलसर वास आला. जुईच्या खोलीत खिडकीखाली भिंतीवर काळी बुरशी होती, तिच्यावर जुईनं खडूनं ढग काढले होते.

मी वहीत नोंदी करत होतो. गंमत म्हणून डच पद्धतीनं गुणही मांडले. ओटा मोजायला टेप काढली तेव्हा जुई दारातून म्हणाली, "मम, व्हाय इज ही मेझरिंग अवर किचन?"

"आजोबा आपल्याला मार्क देतायत."

"डिड वी पास?"

"ओट्याला सात," मी म्हणालो. "हीटरला शून्य."

"दॅट्स नॉट फेअर, वी डिडन्ट ब्रेक इट," ती म्हणाली आणि गेली.

चहा पिता पिता आम्ही ट्रायब्यूनलसाठी अर्ज लिहिला. मी मराठीत सांगायचो, ती म्हणायची, "काका, एवढं सौम्य नको," मग मी इंग्रजीत लिहायचो. हळूहळू मला जोर चढला. 'मालकाने एका लहान मुलीच्या प्रकृतीकडे सहा महिने जाणूनबुजून दुर्लक्ष केले आहे,' असं वाक्य मी लिहिलं. आयुष्यात मी इतकं कडक काही लिहिलं नव्हतं. नीलांबरीनं ते मोठ्यानं वाचलं आणि म्हणाली, "आता कसं. तो जो कोणी आहे, त्याला जरा लाज वाटू दे."

"पण तो आहे कोण?"

"कोणास ठाऊक. करारावर मॅनेजरच्या कंपनीचंच नाव आहे. मी मालकाला बापजन्मात पाहिलेलं नाही."

अर्जाला कंपनीचं नाव चाललं असतं. पण मूळ कागद पाहिल्याशिवाय नोंद करायची नाही, ही माझी नोकरीतली सवय. इथे जमिनीच्या उताऱ्याला टायटल म्हणतात. थोडे डॉलर भरले की कोणालाही, कोणत्याही घराचा, तो ऑनलाइन मिळतो. मी म्हटलं, मी बघतो.

दुसऱ्या दिवशी लायब्ररीत बसून पत्ता घातला, कार्डानं पैसे भरले. कागद उघडला. मालक म्हणून तीन नावं होती. इंद्रनील रमण सबनीस. वल्लरी इंद्रनील सबनीस. रमण जगदीश सबनीस.

माझ्या हातून चूक झाली, हाच माझा पहिला विचार. मालकाच्या रकान्यात मी स्वतःचंच नाव भरलं असणार, कार्डावरचं नाव तिकडे गेलं असणार. संगणकाशी माझं असं होतं. मी पुन्हा पत्ता घातला, एकेक आकडा बोटानं तपासला, पुन्हा पैसे भरले. दुसरा कागद आला. तीच तीन नावं.

मग वाटलं, दुसरा एखादा रमण जगदीश सबनीस असेल. ऑकलंड मोठं शहर आहे. हा विचार मी किती वेळ धरून ठेवला ते सांगायला संकोच वाटतो. शेजारच्या टेबलावरची मुलगी वाकून म्हणाली, "आर यू ओके?" मी म्हणालो, "येस, येस."

आणि ते 'येस, येस' कानावर पडताच मला आठवलं. इथे आलो त्या पहिल्याच वर्षी टाकापुनाच्या एका वकिलाच्या ऑफिसात मी हेच म्हणालो होतो. इंद्रनील म्हणाला होता, "बाबा, घराच्या कागदावर वडिलांचं नाव असावं असं मला वाटतं. तुमचा आशीर्वाद म्हणून." मला भरून आलं होतं. वकिलानं विचारलं, सगळं वाचलंत का, समजलं का? मुलगा शेजारी बसलेला असताना कागद वाचत बसणं म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणं. येस, येस म्हणून जिथे जिथे पिवळी चिठ्ठी लावली होती तिथे तिथे मी सही केली. बाहेर आल्यावर वल्लरीनं सगळ्यांच्या हातावर पेढा ठेवला. ते अल्बनीच्या घराचे कागद असावेत असं मी धरून चाललो होतो. मी औषधाच्या पुडक्यातली चिठ्ठीसुद्धा पूर्ण वाचतो, पण ते कागद मी वाचले नव्हते.

म्हणजे जाणूनबुजून दुर्लक्ष करणारा मालक मी होतो. शुक्रवारी त्याच वकिलाकडून कागद मागवून वाचले: घर आमच्या कुटुंबाच्या ट्रस्टचं होतं आणि आम्ही तिघं त्याचे ट्रस्टी, म्हणजे विश्वस्त.

शनिवारी सकाळी इंद्रनील लॉन कापत होता. मशीन बंद होईपर्यंत मी दारात उभा राहिलो.

"माउंट रॉस्किलला आपलं घर आहे?"

त्यानं कानातले प्लग काढले. "आहे ना. का?"

"मला माहीत नव्हतं."

"बाबा, तुम्ही ट्रस्टी आहात. सही केलीत तुम्ही. पेढे खाल्ले आपण."

"तिथे कोण राहतं?"

"टेनंट. मॅनेजर बघते सगळं. एक नर्स आहे वाटतं, भाडं वेळेवर देते."

"तिचं भाडं एकशे वीसनं वाढवलंस."

"असेल. मार्केट रिव्ह्यू आला होता. मी मीटिंगमध्ये होतो, अ‍ॅपवर आलं, अप्रूव्ह केलं." मग माझ्याकडे नीट बघून म्हणाला, "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"आणि हीटर?"

"खर्चाचा कोट जास्त होता हो. मॅनेजरला म्हटलं, दुसरा कोट काढ. मग ते राहून गेलं."

"राहून गेलं," मी म्हणालो. माझा मुलगा चांगला आहे. माझ्या गुडघ्यासाठी त्यानं बाथरूममध्ये दांडा बसवला तेव्हा दोन दिवसांची रजा काढली होती. तोच मुलगा समोर उभा राहून 'राहून गेलं' म्हणत होता, हे मला नीट समजत नव्हतं.

आवाज ऐकून वल्लरी बाहेर आली. मी सगळं सांगितलं. नीलांबरी, बुरशी, अर्ज.

"तुम्ही आपल्याविरुद्धच अर्ज लिहिलात?" तिनं शांतपणे विचारलं.

"मला माहीत नव्हतं ना."

"बाबा, आम्ही काही राक्षस नाही. इथल्या पेन्शनवर म्हातारपण निघत नाही. ते घर म्हणजे आमचं म्हातारपण आहे. इन्शुरन्स वाढला, काउन्सिलची घरपट्टी वाढली. आमच्या ओळखीतले सगळे हेच करतात."

तिचं खोटं नव्हतं. मी म्हातारपणी कुठे राहतोय, तेही मला दिसत होतं. तरी मी म्हणालो, "मी काल ट्रस्टचे कागद मागवून वाचले. निर्णयाला तिघांची संमती लागते. ही भाडेवाढ मला मान्य नाही."

माझा आवाज इतका बारीक निघाला की इंद्रनील म्हणाला, "काय?" मला पुन्हा म्हणावं लागलं.

"मग विकून टाकू," तो चिडून म्हणाला. "कटकटच नको."

"विकायलाही तिघांच्या सह्या लागतात," वल्लरी म्हणाली. मग ती आत गेली आणि बराच वेळ भांडी लावत होती.

भाडेवाढ मागे घेतल्याचं पत्र सोमवारी मॅनेजरकडून गेलं. मंगळवारी संध्याकाळी मी नीलांबरीकडे गेलो. ती दारातच हसत उभी होती.

"काका, घाबरले वाटतं ते लोक. अजून अर्ज टाकलाही नाही, त्याआधीच शेपूट घातलं."

मी टायटलचा कागद तिच्या हातात दिला. माझं आडनाव तिला माहीत नसावं. मंडळात सगळे मला रमणकाका म्हणतात. तिनं तिन्ही नावं वाचली, मग तिसऱ्या नावावर बोट ठेवून माझ्याकडे बघितलं.

"हे तुम्ही?"

"हो."

"म्हणजे माझे घरमालक तुम्ही."

"मला गुरुवारपर्यंत माहीत नव्हतं. खरंच."

ती आत जाऊन खुर्चीवर बसली. मी दाराशीच उभा राहिलो. तिला राग येईल, रडू येईल, अशी माझी तयारी होती. ती माझ्याकडे नुसती बघत राहिली, जणू एखाद्या ओळखीच्या पेशंटच्या केसपेपरवर भलताच आजार निघाला होता.

"ओटा मोजलात तुम्ही माझा," ती शेवटी म्हणाली.

मी उंबऱ्याच्या आत एक पाऊल टाकलं.

"तुम्हाला माहीत नव्हतं, यावर माझा विश्वास आहे," ती म्हणाली. "पण त्यानं मला बरं वाटत नाहीये, काका. उलट भीती वाटतेय. ज्याला माहीत आहे असा मालक निदान हिशोब तरी करतो. इथे कोणी काही ठरवलंच नव्हतं, आणि माझं घर जाणार होतं."

"आता जाणार नाही. मी आहे तोवर भाडं वाढणार नाही."

"तुमचं वय काय?"

"सत्त्याहत्तर."

"आणि नंतर?"

मी इंद्रनीलचं नाव घेणार होतो, पण घेतलं नाही.

"बघा, रागावू नका," ती म्हणाली. "तुम्ही भला माणूस आहात म्हणून माझी पोर या घरात राहणार असेल, तर मला रोज तुमच्या तब्येतीची काळजी करावी लागेल. हॉस्पिटलमध्ये तेवढी करते, पुरे आहे. मी अर्ज टाकणार. हीटरचा, आणि मुदतीच्या कराराचंही तिथेच मागणार. तुमच्याशी बोलून मिटवलं तर ते उपकार. तिथे मिटलं तर तो हुकूम."

"टाक," मी म्हणालो.

"वाक्यं बदलू का थोडी? ते जाणूनबुजून वगैरे?"

"नको. आहे तसं असू दे."

तीन आठवड्यांनी ट्रायब्यूनलतर्फे फोनवर मध्यस्थी ठेवली गेली. आमच्या जेवणाच्या टेबलावर इंद्रनीलचा फोन स्पीकरवर होता. वल्लरी कामावर गेली होती. जे ठरेल ते मान्य, असं तिनं लिहून दिलं होतं. मध्यस्थ बाईंनी किआ ओरा असा माओरी नमस्कार करून सुरुवात केली आणि नीलांबरीला तिचं म्हणणं मांडायला सांगितलं.

तिनं अर्ज वाचून दाखवला. मी लिहिलेली इंग्रजी वाक्यं तिच्या आवाजात माझ्यावरच येत होती. बुरशी. सहा महिने. लहान मुलीची प्रकृती. इंद्रनीलनं मधेच म्यूट केलं.

"हे तुम्ही लिहिलंय?"

"हो."

"मुलीचं नाव काय म्हणाली ती?"

"जुई. नऊ वर्षांची आहे."

त्यानं फोन स्वतःकडे ओढला. मग त्यानं म्यूट काढलं आणि बाईंनी विचारायच्या आधीच म्हणाला की हीटर दोन आठवड्यांत बसवू, बुरशीचं कामही करून देऊ. ते सोपं होतं. करारावरून मात्र ताणाताण झाली. नीलांबरीनं पाच वर्षं मागितली. इंद्रनील म्हणाला, एक. बाई म्हणाल्या, दोघांनी जरा विचार करा.

इंद्रनीलनं पुन्हा म्यूट केलं. "पाच वर्षांत काहीही होऊ शकतं, बाबा. माझी नोकरी जाऊ शकते. तेव्हा हे घर मोकळं हवं."

"तिचीही जाऊ शकते."

"तुम्ही कोणाचे ट्रस्टी आहात?" तो म्हणाला. त्यात टोमणा होता, पण प्रश्नही होता. युरोपातल्या चार शहरांची तुलना करताना मला एक ठरवता आलं नव्हतं. इथे तर समोर माझा मुलगा होता.

"तीन म्हण," मी म्हणालो. "आठवड्याच्या भाड्यात वर्षाला वीस डॉलरपेक्षा जास्त वाढ नाही. त्याच्या खाली मी येणार नाही, इंद्रा."

त्याला इंद्रा म्हटल्याला बरीच वर्षं झाली होती. त्यानं म्यूट काढलं आणि तीन म्हणाला. मग नीलांबरी म्हणाली, "ओके." बाईंनी विचारलं, सीनियर मिस्टर सबनीस यांना मान्य आहे का? मी मान्य म्हणालो. दुपारी हुकूम ईमेलनं आला.

इंद्रनील त्या दिवशी माझ्याशी फारसं बोलला नाही. पण हीटर अकराव्या दिवशीच बसला, आणि बसवणाऱ्याबरोबर तो स्वतः गेला होता, हे मला नीलांबरीकडून समजलं.

ते तिनं मंडळात सांगितलं. ती आली, माझ्या शेजारची खुर्ची सोडून पलीकडे बसली. प्रसादला कुठून तरी बातमी लागली होती. "रमणकाका," तो म्हणाला, "तुम्ही घरमालक निघालात म्हणे. मग वडे आज तुमच्याकडून." कोणी फारसं हसलं नाही.

"तुमचा मुलगा जुईच्या खोलीत उभा राहून ते ढग बघत होता," नीलांबरी हळू आवाजात म्हणाली. "जाताना लिंबं घेऊन जा म्हटलं, तर सॉरी म्हणाला आणि तशीच ठेवून गेला."

"जुईचा खोकला?"

"कमी आहे. तीन वर्षांत तिची ही शाळा संपेल. तोवर तरी शाळा बदलायला नको." मग मोजून एकेक शब्द बोलावा तसं म्हणाली, "तेवढं मिळालं, सर."

काका नाही म्हणाली. मला ते लागलं, आणि तिचं बरोबर आहे हेही कळलं. तीन वर्षांनी मी ऐंशीचा असेन. चौथ्या वर्षाचं काय, हे तिनं विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही, कारण ते मला कुठल्याच पुस्तकात सापडलेलं नाही.